खंडेनवमीला बोटीचं डिझेल

आठवडाभर ऑफिसात डिझेल आणि सुट्टी घेऊन पुन्हा डिझेलच, ह्याला काय म्हणायचं? मी स्टुटगार्टजवळ गेर्लिंगेनला नोकरी करते. इंजिनाला डिझेल पोचवणारे पंप आणि फिल्टर तपासायचे, हे माझं काम. डिझेलमध्ये पाणी शिरलं की काय काय घोळ होतात, ह्यावर माझं पोट चालतं. त्यातून त्या वर्षी गाड्यांच्या धुराच्या घोटाळ्यामुळे जर्मनीत डिझेल हा शब्द इतका बदनाम झाला होता की जिन्यात शेजारणीने “तुम्ही नक्की काय काम करता?” विचारलं तरी माझा आवाज आपोआप बारीक व्हायचा. एवढं सगळं झाल्यावर सुट्टीच्या दिवशी तरी माणसाच्या हाताला वेगळा वास नको का? पण नाही. नवऱ्याने बोट घेऊन ठेवली होती.

बोट म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काहीतरी पांढरंशुभ्र, झोकदार येतं. माझी आई पुण्यात सगळ्या सोसायटीला सांगत सुटली होती, “जावयाने बोट घेतली.” प्रत्यक्षात ती एक जुनी फायबरची मोटरबोट. चार माणसं बसणार, दोन कशीबशी आडवी होणार, आणि तिसऱ्याने हालचाल केली तर पहिल्याच्या चहात हात जाणार. आमच्या घरापासून गाडीने दोनेक तासांवर बोडनझे नावाचं मोठं तळं आहे, तिथल्या एका लहानशा बंदरात ती बांधलेली असायची. नवऱ्याच्या त्सुफेनहाउझेनच्या ऑफिसातला एक सहकारी गाव सोडून चालला होता, त्याने ती ह्याच्या गळ्यात मारली. गळ्यात मारली हा माझा शब्द. नवरा म्हणतो, मिळाली.

उन्हाळाभर ती चालवण्यापेक्षा पुसण्यातच आमचा वेळ जायचा. आणि उन्हाळा संपला की तिला थंडीसाठी झोपवायचं काम. पाण्यातून क्रेनने उचलायची, शेडमध्ये ठेवायची, वर ताडपत्री. पण त्याआधी डिझेलचं बघायचं. लोकांना वाटतं, टाकीत डिझेल आहे ना, राहू दे की पडून. तसं नसतं. टाकी अर्धी रिकामी ठेवली तर आतल्या हवेतल्या वाफेचं थंडीत पत्र्यावर दव होतं, ते पाणी तळाशी जाऊन बसतं, आणि पाणी नि डिझेल जिथे मिळतात तिथे जंतू वाढतात. हो, डिझेलमध्येही जंतू वाढतात. वसंतात टाकी उघडली की आत तपकिरी, बुळबुळीत साका. म्हणून टाकीत जंतू मारणारं औषध घालायचं, मग काठोकाठ डिझेल भरायचं, आणि मग मुख्य काम: इंजिन थोडा वेळ चालवायचं, म्हणजे औषधाचं डिझेल नळीतून, फिल्टरमधून, पंपातून सगळीकडे पोचतं. ते झालं की शेवटी फिल्टर बदलायचा. इंजिन चालवलं नाही तर औषध नुसतं टाकीत बसून राहतं आणि पुढच्या नळ्यांत जुनं, आजारी डिझेल तसंच.

हे सगळं मी इतकं सविस्तर सांगतेय कारण त्या वर्षी आम्ही इंजिन चालवलं नाही. पुढच्या एप्रिलमध्ये बोट पाण्यात उतरली आणि बंदराच्या तोंडाशीच गुदमरून बंद पडली. डिझेलच्या फिल्टरवर पगार घेणारी बाई बोटीत बसलेली, आणि तिच्याच बोटीचा फिल्टर शेवाळलेला. ऑफिसात मी हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

त्या वर्षी माझे सासरे आमच्याकडे आले होते. आम्ही त्यांना बाबा म्हणतो. तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेले, आणि बोटीच्या ह्या कामानंतरच्या बुधवारी परत सांगलीला जायचे होते. सासूबाई जाऊन तेव्हा वर्ष व्हायला थोडेच दिवस उरले होते. गेल्या दिवाळीनंतर एका पहाटे त्या झोपेतच गेल्या. नवऱ्याला फोन आला तेव्हा इथे मध्यरात्र होती. तो फोनवर एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होता, “मी निघतोय, तुम्ही थांबा.” मिळेल त्या विमानाने तो निघाला. मुंबईला उतरून फोन लावला तर त्याच्या काकांनी उचलला आणि म्हणाले, “झालं रे सगळं. थांबता आलं नाही.” कालच दुपारी आटोपलं होतं. तो विमानात बसायच्याही आधी. मुंबईपासून सांगलीपर्यंतचा रस्ता त्याने कसा काढला ते त्याने मला कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

त्याने काकांवर दात धरला. काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, सगळ्या रीतीभातींचे पक्के. घाई त्यांनीच केली असणार, आणि बाबा बिचारे तेव्हा भानावर नव्हते, असं तो धरून चालला. वर्षभर काकांचा फोन आला की हा बाथरूममध्ये जायचा. बाबांवरही त्याचा राग होताच. आपला बाप भावासमोर एक शब्द बोलू शकला नाही, हे त्याला आत कुठेतरी टोचत होतं. आणि बाबांकडे पाहावं तर ते त्याच्याशी डोळाच भिडवत नव्हते. त्यामुळे त्याला वाटायचं, मी वेळेवर पोचलो नाही म्हणून बाबा मनात धरून बसलेत. बाबांच्या मनात काय होतं ते देव जाणे. तोंडाला कुलूप.

तीन महिने मी ह्या दोघांच्या मधली दुभाषी. “बाबा, तो विचारतोय तुम्हाला भाकरी हवी का पोळी.” तो दोन हातांच्या अंतरावर बसलेला असायचा. “अरे, बाबा म्हणतायत हीटर लावू नकोस.” बाबांना शेजारच्या खोलीतून मला हाक मारून सांगावं लागायचं, मग मी त्याला सांगायचं. माझी मुलगी मराठी सगळं समजते, पण उत्तर जर्मनमध्ये देते. एकदा जेवताना तिने तोंडावरच विचारलं, “वारुम रेडेन दी निश्ट मिटआइनांडर?” हे दोघं एकमेकांशी बोलत का नाहीत? दोघंही माना खाली घालून आमटी भुरकत राहिले. मला त्या क्षणी ताटं उचलून सिंकमध्ये आपटावीशी वाटली. ऑफिसातून थकून यायचं, स्वयंपाक करायचा, आणि वर ह्यांचे निरोप पोचवायचे. एवढं पोस्टमनलाही करावं लागत नाही.

पण खरं सांगते, राग होता त्याहून भीती मोठी होती. बाबांनी आल्याआल्याच सांगितलं होतं, “पोरी, ही माझी शेवटची चक्कर. आता एवढा प्रवास नाही झेपत.” त्यांच्या हृदयाचं दुखणं होतं, डॉक्टरांनी मुश्किलीने सोडलं होतं. म्हणजे ह्यांचं जे काही बोलायचं राहिलंय ते बुधवारच्या आत बोलून झालं तर झालं. नाहीतर एक दिवस पुन्हा रात्रीचा फोन येणार, पुन्हा विमान, आणि माझा नवरा उरलेलं सगळं आयुष्य त्या न बोललेल्या गोष्टीचं ओझं घेऊन फिरणार. मला ते पाहायचं नव्हतं. एकदा पाहिलं तेवढं पुरे होतं.

म्हणून मीच म्हटलं, बाबांनाही बोटीवर नेऊ. क्रेनची तारीख शनिवारची मिळाली होती, जरा लवकरचीच, पण नंतरच्या सगळ्या भरल्या होत्या. शुक्रवारी आम्ही दोघांनी रजा टाकली, मुलीला मैत्रिणीकडे सोडलं आणि निघालो. एका लहान बोटीत दोन पुरुषांना कोंडलं तर बोलतील, असा माझा साधा हिशेब.

गाडीत मात्र नेहमीचंच. नवरा रस्त्याकडे बघतोय, बाबा खिडकीबाहेर. मध्येच बाबांनी मागून मला विचारलं, “आज खंडेनवमी आहे, माहीत आहे ना?” मला अर्थातच माहीत नव्हतं. इथे पंचांग फोनवर येतं आणि फोनवर आणखी शंभर गोष्टी येतात. मी म्हटलं, “बाबा, पण ह्या वर्षी आपल्याकडे सण नाही ना?” घरातलं माणूस गेल्यावर वर्षाच्या आत सण करत नाहीत, हे त्यांच्याच घरात मी शिकले होते. त्यावर ते म्हणाले, “सण नाही गं. यंत्राची पूजा. यंत्राला सुतक नसतं.”

बाबांनी साखर कारखान्यात बॉयलर सांभाळण्यात आयुष्य काढलं. तिथे खंडेनवमी म्हणजे मोठं प्रस्थ. आदल्या दिवशी सगळी यंत्रं घासूनपुसून लख्ख करायची, नवमीला हळदकुंकू, फुलं, नारळ, आणि पूजा झाली की त्या दिवशी कुणी यंत्राला हात लावायचा नाही. वर्कशॉपातलं साधं ड्रिलसुद्धा चालायचं नाही. यंत्र वर्षभर राबतं, एक दिवस त्यालाही विसावा. नवऱ्याने लहानपणी हे सगळं पाहिलेलं. मला सांगताना त्याचा चेहरा खुलायचा. त्या दिवशी गाडीत मात्र त्याने नजर रस्त्यावरून हलवली नाही.

बंदरात पोचलो तेव्हा वारा नव्हता आणि वर राखाडी आभाळ. बऱ्याच बोटी निघून गेल्या होत्या. आम्ही डब्यांतून डिझेल आणलं होतं, कारण पंपाची रांग नवऱ्याला मान्य नव्हती. डब्यातून टाकीत डिझेल ओतणं हे तिथे एखाद्या ऑपरेशनसारखं करावं लागतं. ह्याच तळ्याचं पाणी पार स्टुटगार्टपर्यंत पितात. एक थेंब पाण्यात पडला तरी बंदराचा हाफेनमाइस्टर, म्हणजे तिथला व्यवस्थापक, धावत येऊन तुमची शाळा घेतो. म्हणून नरसाळं, नरसाळ्याभोवती फडकी, फडक्याखाली आणखी फडकी. हातमोजे चढवून मी आधी फिल्टरच्या तळाच्या काचेच्या भांड्यात साठलेलं पाणी काढलं. बोटभर निघालं, गढूळ. मग औषध मापून ओतलं, आणि नवरा वरून डबे उचलून देत गेला. माझी पाठ मोडून आली होती. प्रत्येक डब्यागणिक मी मनात म्हणत होते, पुढच्या वर्षी ही बया विकून टाकायची.

तोवर बाबा आत केबिनमध्ये होते. काय करतायत म्हणून मी डोकावले. इंजिनावरचं झाकण त्यांनी उघडलं होतं आणि कुठूनशी मिळवलेली जुनी बनियन घेऊन ते इंजिन पुसत होते. घासून घासून. कोपऱ्यातली काजळी बोटाने काढत होते. त्यांनी खिशातून प्लास्टिकच्या दोन डब्या काढल्या. हळद आणि कुंकू. सांगलीहून येताना बॅगेत घालून आणलेलं असणार, म्हणजे तारीख त्यांनी तिथेच बघून ठेवली होती. मग पिशवीतून झेंडूची फुलं निघाली. ती सुपरमार्केटमधून आणलेल्या कुंडीतून आदल्या दिवशी खुडलेली होती हे मला नंतर कळलं, कारण आमच्या बाल्कनीत बोडकी कुंडी सापडली. इंजिनाच्या वरच्या भागावर त्यांनी बोटाने हळदकुंकू लावलं, झेंडू ठेवला, हात जोडले. डोळे मिटून बराच वेळ उभे होते. त्या बुटक्या केबिनमध्ये त्यांना ताठ उभंसुद्धा राहता येत नव्हतं, तसेच वाकून.

मला भरून आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या माणसाला काहीतरी करताना मी पाहत होते. आमच्या घरी ते सोफ्यावर बसून टीव्ही न बघता टीव्हीकडे बघायचे. वाटलं, चला, आणलं ते बरं केलं.

टाकी भरली. काठोकाठ. झाकण लावलं, फडकी पिशवीत कोंबली. मी खाली केबिनमध्ये आले आणि नवा फिल्टर हाताशी काढून ठेवला. नवऱ्याने वरून विचारलं, “झालं? लावू इंजिन?” आणि किल्ली घातली.

“आज नको,” बाबा म्हणाले.

नवरा पायऱ्यांवर वाकून खाली बघू लागला. हळदकुंकू, झेंडू, सगळं त्याला दिसलं. त्याचा आवाज बऱ्यापैकी शांत होता. “बाबा, इंजिन चालवावंच लागतं. औषध पुढे जायला हवं. पंधरा-वीस मिनिटांचं काम.”

“पूजा झालीय. आज हात नाही लावायचा.”

“उद्या सकाळी क्रेनला पहिला नंबर आपला आहे. आणि त्याच्या आधी इथे इंजिन लावू देत नाहीत, लोक झोपलेले असतात. शेडमध्ये तर लावताच येत नाही, इंजिन थंड ठेवायला खाली पाणी नसतं.” त्याने माझ्याकडे पाहिलं. “तू सांग ना त्यांना. तुझाच विषय आहे.”

घ्या. पुन्हा दुभाषी. मी तोंड उघडलं, कारण विषय खरंच माझा होता आणि तो म्हणत होता ते अक्षरशः बरोबर होतं. “बाबा, अहो, औषध नुसतं टाकीत राहून उपयोग नसतो...”

“कळतं मला,” बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले. “बॉयलरमध्ये मीही औषधं घातलीत. एक दिवसाने काही बिघडत नाही. थांब एक दिवस.”

थांब एक दिवस. हे ते त्याला म्हणाले. सरळ त्याला, माझ्यामार्फत नाही. आणि मी पाहिलं, नवऱ्याचा हात किल्लीवरून निघाला आणि त्याचं तोंड पांढरं पडलं.

“थांब?” तो म्हणाला. “मला सांगता थांब? ह्या भंगारासाठी एक दिवस थांबायचं? आईसाठी थांबलात का तुम्ही? एक दिवस? मी फोनवर ओरडून सांगत होतो येतोय म्हणून. तुम्ही एक दिवस थांबलात का?”

शेजारच्या बोटीवर एक म्हातारं जर्मन जोडपं दोऱ्या गुंडाळत होतं. दोघं थबकली, मग घाईघाईने दुसरीकडे बघू लागली. मला त्यांची काही पडलेली नव्हती. हेच व्हावं म्हणून मी ह्यांना इथे आणलं होतं, आणि आता झालं तर वाटलं, अरे देवा, त्यांच्या छातीत काही झालं तर?

“अरे हळू,” मी म्हटलं. “हळू बोल ना.”

“का हळू? वर्षभर हळूच बोलतोय. काकाने घाई केली आणि हे बसून राहिले. एक शब्द नाही बोलले. माझी आई होती ती. मला नुसती बघायची होती. बाकी काही नको होतं मला.” शेवटची वाक्यं त्याला धड बोलता येईनात. तो पायरीवरच मटकन बसला.

बाबा इंजिनाच्या कडेला हात टेकून उभे होते. मग हळूच बाकावर बसले. मी त्यांना पाणी दिलं, त्यांनी घेतलं, प्यायले नाहीत. बाटली दोन्ही हातांत धरून बसले.

“काकाने घाई नाही केली,” ते म्हणाले.

नवऱ्याने मान वर केली.

“तुझा काका थांबा म्हणत होता. सगळेच म्हणत होते. पोरगा निघालाय, येऊ दे त्याला, म्हणत होते. मीच नको म्हटलं.”

“तुम्ही?”

“मी.”

“मग काका मला का नाही म्हणाला कधी? वर्ष झालं, मी त्याच्याशी...”

“मीच त्याला गप्प राहायला सांगितलं. म्हटलं, मी सांगतो त्याला. तू आलास तेव्हा सांगणार होतो. मग तू माझ्याकडे बघेचनास. मग म्हटलं, तिथे गेल्यावर सांगू. इथे आलो. रोज सकाळी उठून ठरवायचो, आज सांगू. काकाचं काही चुकलं नाही रे. त्याने नुसतं ऐकून घेतलं. तुझं, माझं, सगळ्यांचंच.”

मी नवऱ्याकडे बघत होते. मला वाटलं आता हा उठणार, गाडीत जाऊन बसणार आणि मग कायमचं तुटलं. त्याचा चेहरा तसाच झाला होता. इतके दिवस ज्याच्यावर राग काढला तो माणूस भलताच, आणि खरा माणूस हा असा समोर, पाण्याची बाटली धरून बसलेला. राग तरी कुणावर करणार?

“पण का?” तो म्हणाला. आवाज अगदी खाली गेला होता. “एक दिवसाचा तर प्रश्न होता, बाबा. का नाही थांबलात?”

बाबांनी बाटलीचं बूच घट्ट फिरवलं.

“बर्फाच्या लाद्या आणायचं ठरत होतं,” बाबा म्हणाले. “तुला यायला दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ होणार. तोवर बर्फावर ठेवायचं. तुझा काका निघालाही होता स्कूटर काढून. मी दारात जाऊन त्याची स्कूटर धरली.”

त्यांनी बाटली बाकावर ठेवली.

“तिला थंडी सोसायची नाही रे. तुला तरी माहीत आहे. भर उन्हाळ्यातसुद्धा पंखा माझ्या बाजूला करायची. हिवाळ्यात मोजे घालून झोपायची, आणि तरी रात्री पाय माझ्या पायांना लावायची, गार पडलेत म्हणून. तिला रात्रभर बर्फावर निजवायचं? मी शेजारी बसून बघायचं? माझ्याच्याने नाही झालं. तुझा हक्क होता, कळत होतं मला. पण नाही झालं माझ्याच्याने.”

मी रडत होते. तोंडावर हात घ्यावा तर हातमोज्यांना सगळं डिझेल, म्हणून तशीच उघड्या तोंडाने रडत होते. नवरा पायरीवरून उठला, वाकून आत आला आणि बाबांच्या शेजारी त्या अरुंद बाकावर कसाबसा बसला. त्याने त्यांचे दोन्ही हात धरले. हळदीचे, काजळीचे हात.

“बरं केलंत, बाबा,” तो म्हणाला. “मीसुद्धा नसतं ठेवलं.”